स्मरणचित्राचा पेपर

कार्टून म्हटलं की ते मुलांसाठी, असा आपल्याकडे एक पक्का समज आहे. टीव्हीवर उंदीर-मांजराची पळापळ सुरू झाली की आजी नातवाला म्हणते, "ये रे, तुझं लागलं," आणि स्वतः तसबीह घेऊन आत जाते. त्यामुळे मोठ्या माणसांसाठीही कार्टूनपट काढले जातात, आणि त्यांत मधेच खरी माणसं, खरे रस्ते, बातम्यांमधली खरी दृश्यं येतात, असं कुणाला सांगितलं तर समोरचा संशयाने बघतो. एकतर काहीतरी चावट असेल, नाहीतर पोरखेळ असेल, असं त्याला वाटतं. मला मात्र गेल्या काही वर्षांत या चित्रपटांनी जेवढं अस्वस्थ केलं, तेवढं फार थोड्या पुस्तकांनी केलं असेल. त्यांच्याबद्दल लिहायचं आहे. ओघात माझ्या घरातली एक गोष्टही येईल, कारण ती टाळून मला यावर लिहिता येणार नाही.

मी एकतीस वर्षं कोकणातल्या एका हायस्कुलात चित्रकला शिकवली. दरवर्षी मुलांना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांना बसवायचं, हे माझं काम. ज्यांनी या परीक्षा दिल्या आहेत, त्यांना त्यातले दोन पेपर आठवत असतील. वस्तुचित्राच्या पेपरात समोर बादली, तांब्या, कांदे-बटाटे, मागे एखादं कापड मांडलेलं असतं. जे दिसतं ते काढायचं. स्मरणचित्राच्या पेपरात समोर काहीच नसतं. फक्त विषय दिलेला असतो : बाजाराचा दिवस, लग्नाची वरात, शेतातली लावणी. कधीतरी पाहिलेलं आठवून काढायचं. वस्तुचित्रात पटाईत असलेली मुलं इथे पेन्सिल चावत बसत. "सर, आठवत नाही," म्हणत. मी सांगायचो, "आठवतं तेवढंच काढ. पण जे काढशील ते खरं काढ."

काही पालक मला येऊन भेटत. "मास्तर, नक्षीकाम शिकवा, वस्तुचित्र शिकवा, पण पोराला माणसं काढायला लावू नका," असं अदबीने सांगत. मी त्यांच्याशी वाद घालत नसे, त्यांच्यामागे जुनी श्रद्धा होती. चित्रात जीव घालणं हे बंद्याचं काम नव्हे, असं ते मानत. पुढे मला कळलं की 'अ‍ॅनिमेशन' या शब्दाच्या मुळाशी असलेल्या लॅटिन शब्दाचा अर्थच श्वास, जीव असा आहे. म्हणजे ते साधे दुकानदार आणि मच्छीमार ज्या प्रश्नापाशी थबकत होते, तो प्रश्न या कलेच्या नावातच बसलेला आहे. रेषेत जीव घालायचा कशासाठी, आणि कुणाचा?

खरी माणसं आणि रेषेतली माणसं एका पडद्यावर आणण्याचा खेळ जुनाच. १९४५ सालच्या एका हॉलिवुडपटात जीन केली हा नट टॉम अँड जेरीमधल्या जेरी उंदराबरोबर नाचला होता. पण मोठ्यांच्या जगातली खून-लाच-लालूच घेऊन या खेळाला खरी उंची दिली ती १९८८ च्या 'हू फ्रेम्ड रॉजर रॅबिट'ने. १९४७ सालचं हॉलिवुड, एक दारुडा गुप्तहेर आणि खुनाचा आळ आलेला कार्टून ससा. दिग्दर्शक रॉबर्ट झेमेकिस आणि अ‍ॅनिमेशनची बाजू सांभाळणारे रिचर्ड विल्यम्स. त्यात एका दृश्यात टांगलेल्या दिव्याला डोकं आपटतं आणि दिवा हेलकावे खाऊ लागतो. खोलीतला उजेड हलतो, तशी त्या काढलेल्या सशाच्या अंगावरची सावलीही प्रत्येक चित्रात हलते. संगणकाचा आधार नव्हता, सगळं हाताने. दिवा स्थिर ठेवला असता तर किती मेहनत वाचली असती! पण त्या हलत्या सावलीमुळेच ससा त्या खोलीत खरोखर आहे असं वाटतं. वर्गात छायाप्रकाश शिकवताना मी हे उदाहरण कितीदा दिलं असेल.

त्याच्या आधी, १९८२ मध्ये, अ‍ॅलन पार्करचा 'पिंक फ्लॉइड : द वॉल' येऊन गेला होता. त्यातली चित्रं जेराल्ड स्कार्फ या राजकीय व्यंगचित्रकाराची. नट खराखुरा, खोली खरी, पण त्याच्या मनात युद्धात मेलेल्या बापाची जी पोकळी आहे ती आली की पडदा रेषांच्या ताब्यात जातो आणि हातोडे सैनिकांसारखे कवायत करत चालू लागतात. कॅमेरा बाहेरचं दाखवतो, रेषा आतलं. म्हणजे पुन्हा माझे तेच दोन पेपर : वस्तुचित्र आणि स्मरणचित्र.

हे सारं तोवर माझ्यासाठी कारागिरीचं कौतुक होतं. ते बदललं माझ्या पुतण्यामुळे. माझ्या थोरल्या भावाचा हा धाकटा मुलगा माझ्याच हाताखाली इंटरमिजिएट झाला आणि आता पुण्यात अ‍ॅनिमेशनचं काम करतो. सुट्टीला आला की लॅपटॉपवर काहीतरी घेऊन येतो आणि म्हणतो, "चाचा, हे बघा, मग बोलू." त्याने पहिल्यांदा दाखवला तो आरी फोलमन या इस्रायली दिग्दर्शकाचा २००८ मधला 'वॉल्ट्झ विथ बशीर'.

फोलमन स्वतः १९८२ च्या लेबनॉन युद्धात सैनिक होता. सप्टेंबर १९८२ मध्ये बशीर जमाएलची हत्या झाली, आणि त्यानंतर १६ ते १८ तारखांना बैरुतच्या साब्रा आणि शतिला वस्त्यांत फलांजी सैनिकांनी पॅलेस्टिनी निर्वासितांची कत्तल केली. मृतांच्या संख्येबद्दल आजही एकमत नाही, काहीशेपासून साडेतीन हजारांपर्यंत आकडे सांगितले जातात. वस्त्यांना वेढा होता इस्रायली सैन्याचा, आणि रात्री आकाशात उजेडाचे गोळे सोडले तेही त्यांनीच. पुढे १९८३ मध्ये इस्रायलच्याच काहान आयोगाने संरक्षणमंत्री एरियल शेरॉन यांच्यावर व्यक्तिगत जबाबदारी ठेवली आणि त्यांना ते पद सोडावं लागलं. फोलमन तिथेच होता, पण त्याला त्या दिवसांतलं काही आठवत नाही. म्हणून तो जुन्या सोबत्यांना भेटत, विचारत फिरतो. हा सगळा शोध चित्रांतून येतो. आधी स्टुडिओत साधं चित्रण करून, त्यावरून चित्रमालिका तयार करून, मग ते नव्याने रेखाटलेलं आहे. पुष्कळांना वाटतं की चित्रफितीवर कागद ठेवून गिरवलंय. तसं नाही. गिरवणं आणि काढणं यातला फरक शिकवण्यात माझं आयुष्य गेलं, त्यामुळे हे मला महत्त्वाचं वाटतं.

त्यात फोलमनचा एक मित्र त्याला एका प्रयोगाबद्दल सांगतो. लोकांना त्यांच्या लहानपणचा म्हणून जत्रेतला एक बनावट फोटो दाखवला, तर बरेच जण न घडलेली ती जत्रा 'आठवू' लागले. ते ऐकताना मला माझ्या मुलांचे पेपर दिसले. बाजाराच्या चित्रात रिकामी जागा राहिली की मुलं तिथे एक फुगेवाला काढायची. आमच्या गावच्या बाजारात फुगेवाला कधी बसायचा नाही. आठवण रिकामी जागा सहन करत नाही.

हे फोलमनलाही ठाऊक असावं. म्हणून चित्रपटाच्या शेवटच्या मिनिटात तो रेषा थांबवतो. शतिलातल्या आक्रोश करणाऱ्या बाया चित्रातून एकदम खऱ्या होतात. त्या वेळच्या बातमीदारांनी घेतलेली दृश्यं येतात, ढिगाऱ्यातली प्रेतं येतात, आणि चित्रपट संपतो. आपण एक सुंदर कार्टूनपट पाहून आलो असं म्हणत कुणी घरी जाऊ नये म्हणून हे केलं, अशा अर्थाचं त्याने मुलाखतींत सांगितलं आहे. पुतण्याने लॅपटॉप मिटला तेव्हा आम्ही दोघंही बराच वेळ गप्प होतो.

पण गप्प बसून भागत नाही. तासाभराने मी पुतण्याला म्हटलं, "त्या बाया काय म्हणत होत्या?" चित्रपटात त्यांच्या अरबी शब्दांचा अनुवाद दिलेला नाही. दीड तास इस्रायली सैनिकांना नाव आहे, चेहरा आहे, स्वप्नं आहेत, अपराधाचा भार आहे. ज्यांची कत्तल झाली त्यांना चेहरा मिळतो तो शेवटच्या मिनिटात, आणि शब्द तेव्हाही मिळत नाहीत. हा आक्षेप अनेकांनी घेतला, खुद्द इस्रायलमधूनही घेतला गेला. तो मला मान्य आहे. तरीही चित्रपट खोटा ठरत नाही. ते एका माणसाचं स्मरणचित्र आहे, आणि त्यात कोण पुसट निघालं हेही त्यातूनच कळतं. वस्तीतल्या माणसांचं स्मरणचित्र मात्र दुसऱ्या कुणीतरी काढायला हवं होतं.

तसे चित्रपट पुढे आले. २०१८ चा 'समूनी रोड' हा इटालियन दिग्दर्शक स्तेफानो सावोनाचा. गाझाच्या झैतून भागात शेती करणारं समूनी कुटुंब. जानेवारी २००९ च्या हल्ल्यात त्यातले २९ जण मारले गेले. सावोना तिथे पोचला तो नंतर. उरलेली माणसं, उखडलेली शेतं, पुढे ठरलेलं एक लग्न, हे त्याच्या कॅमेऱ्यात आहे. पण मेलेले आजोबा, काका, उभं असलेलं घर, हे कुठून आणायचं? त्यासाठी सिमोने मास्सी या चित्रकाराने काळा पृष्ठभाग खरवडून काढलेली कृष्णधवल चित्रं हलती केली. खरवडलं की काळ्यातून पांढरं वर येतं. आमच्या शाळेतही मुलं मेणखडूवर काळा रंग फासून असंच खरवडत. गंमत म्हणून करायचो आम्ही ते. इथे एकेक मेलेला माणूस त्या काळ्यातून ओरखड्या-ओरखड्याने वर काढलेला आहे. त्या शेतकऱ्यांच्या घरात जीव घालायचा कशासाठी, याचं उत्तर मला तिथे मिळालं.

आणि सगळंच रडवणारं नाही. २०१४ चा 'द वॉण्टेड १८' हा आमेर शोमाली आणि पॉल कॉवन यांचा चित्रपट पाहून आम्ही खो खो हसलो. पहिल्या इंतिफादाच्या काळात बेथलहेमजवळच्या बैत साहूर गावाने ठरवलं की इस्रायली दूध घ्यायचं नाही. त्यांनी एका किबुत्झकडून अठरा गाई विकत आणल्या आणि स्वतःचं दूध काढायला लागले. सैन्याने त्या गाई राष्ट्राच्या सुरक्षेला धोका ठरवल्या. मग गाई लपवणं आणि सैन्याने त्या शोधणं! गावकरी स्वतःच्या तोंडाने खरी हकीकत सांगतात, आणि गाई मातीच्या बाहुल्यांसारख्या हलत-बोलत आपली बाजू मांडतात. इतकी हास्यास्पद गोष्ट नुसत्या कॅमेऱ्याने दाखवली असती तर कुणाला खरी वाटली नसती. गाई बोलल्या म्हणूनच ती पटते.

आता माझ्या भावाबद्दल. भाई १९८४ पासून कुवेतला एका वर्कशॉपमध्ये कामाला होते. २ ऑगस्ट १९९० ला इराकने कुवेत घेतलं. त्यानंतर आमच्या पंचक्रोशीतल्या कितीतरी घरांत चूल पेटत होती पण जेवण कुणाच्या घशाखाली उतरत नव्हतं. हजारो हिंदी कामगार बसमधून इराक पार करून जॉर्डनकडे निघाले. वाळवंटात सीमेवर तंबूंच्या छावण्यांत दिवस काढले आणि अम्मानहून एअर इंडियाच्या विमानांनी मुंबईला आले. ऑगस्ट ते ऑक्टोबरच्या दरम्यान एक लाखाहून जास्त माणसं अशी आणली गेली. भाई सप्टेंबरअखेरीस आले. अंगावर एकच कपड्यांचा जोड आणि पासपोर्ट. फोटो एकही नाही. कॅमेरा त्यांनी वाटेत पाण्यासाठी विकला होता.

छावणीतल्या सतरा दिवसांबद्दल ते बोलत नसत. विचारलं तर म्हणत, "गर्मी होती. पाणी कमी होतं. अल्लाने आणलं." याच प्रसंगावरचा 'एअरलिफ्ट' २०१६ मध्ये आला तेव्हा मुलांनी त्यांना हट्टाने थिएटरात नेलं. अक्षयकुमार, खरे रणगाडे, खरी वाळू. बाहेर आल्यावर भाई म्हणाले, "चांगला आहे," आणि आइस्क्रीम घ्यायला गेले.

२०२२ मध्ये पुतण्या 'फ्ली' घेऊन आला. आदल्याच वर्षी आलेला डॅनिश चित्रपट, दिग्दर्शक योनास पोहेर रासमुसेन. त्याचा शाळेपासूनचा एक अफगाण मित्र पंचवीसेक वर्षांनी आपली हिजरत सांगतो : काबूलहून मॉस्को, तस्करांच्या हाती, समुद्र, शेवटी एकट्याने डेन्मार्क. त्याचं खरं नाव आणि खरा चेहरा उघड होऊ नये म्हणून तो चित्रात काढला आहे आणि त्याला अमीन म्हटलं आहे. त्याच्या लपवण्यात आणखी एक गोष्ट होती, तो समलिंगी असण्याची. तीही चित्रपट शांतपणे सांगतो. मधे मधे त्या काळच्या काबूलची, मॉस्कोची खरी दृश्यं येतात. आठवण जिथे सोसवत नाही तिथे रंग जातात, चेहरे जातात, कोळशाने फराटे मारल्यासारख्या आकृत्या उरतात. बुडू लागलेल्या होडीजवळ एक भलंमोठं प्रवासी जहाज येतं आणि वर उभे असलेले पर्यटक खालच्या माणसांचे फोटो काढतात, तो प्रसंग मी विसरणार नाही. कॅमेरे होते, डझनांनी होते. अमीनला मात्र त्या क्षणाची आठवते ती शरम.

अमीनला तस्करांनी पढवलेलं असतं : घरचे सगळे मेले असं सांग, नाहीतर परत पाठवतील. ते खोटं तो वर्षानुवर्षं सांभाळतो, अगदी जवळच्या माणसांपुढेही.

भाई खुर्चीत बसून पाहत होते. रंग गेले, कोळशाच्या आकृत्या पळू लागल्या, तेव्हा ते म्हणाले, "असंच होतं. चेहरे नव्हतेच कुणाला." चित्रपट संपल्यावर कुणी काही विचारलं नव्हतं, तरी ते बोलू लागले. छावणीत आमच्या शेजारच्या तालुक्यातला एक माणूस त्यांच्याच तंबूत होता. आजारी पडला, आणि डॉक्टरपर्यंत पोचण्याआधीच गेला. चौघांनी मिळून वाळूत दफन केलं, जनाज्याची नमाज पढली, डोक्याशी तीन दगड ठेवले. गावी आल्यावर त्याच्या बायकोला भाईंनी सांगितलं की तो अम्मानच्या इस्पितळात वारला, चांगल्या कब्रस्तानात आहे. तिला तेवढाच दिलासा. ती बाई त्याच समजुतीत अल्लाघरी गेली. बत्तीस वर्षं भाईंनी ते इस्पितळ जपलं होतं.

"आता मुलगा मोठा आहे त्याचा," भाई म्हणाले. "त्याला सांगायला हवं. पण दाखवू काय?" मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तू काढ. मी सांगतो."

तीन संध्याकाळी आम्ही कार्टरिज पेपर घेऊन बसलो. मी पार्श्वभूमीला टेकडी काढली तर ते म्हणाले, "टेकडी नव्हती. सपाट. डोळ्याला कुठेच अडायला काही नाही." टेकडी पुसली. पाण्याचा टँकर, रांग, दोऱ्यांनी ताणलेले तंबू. चार माणसं वाकलेली. "चेहरे नको," भाई म्हणाले. मला एका कोपऱ्यात जागा रिकामी वाटत होती. एकतीस वर्षांची सवय, हात तिकडे गेला. पण तिथे काय होतं ते भाईंना आठवत नव्हतं. ती जागा तशीच सोडली.

२०२३ नंतर आपण सगळ्यांनी मोबाईलवर गाझाची इतकी दृश्यं पाहिली आहेत की कॅमेरा नव्हता अशी तक्रार आता कुणी करणार नाही. तरी मला वाटतं, ही पोरं मोठी झाली की त्यांतलं कुणीतरी कोळसा हातात घेईल. मोबाईलमध्ये ढिगारा आहे. ढिगाऱ्याआधीचं अंगण, त्यातली हाक मारण्याची पद्धत, आणि नंतर घरातल्यांना सांगितलेली दयेची खोटी, हे त्यात नाही. ते काढावं लागेल. आणि काढताना, फोलमनने केलं तसं, मधे खरं दृश्यही ठेवावं लागेल, म्हणजे रेषेला तिची मर्यादा आठवत राहील.

त्या मुलाला आम्ही घरी बोलावलं. मुलगा कसला, चाळिशी उलटलेला गृहस्थ. हे त्याच्या परवानगीनेच लिहितो आहे. गावाचं नाव आणि त्याचं नाव मात्र लिहिलेलं नाही. अमीनला जी ओढणी मिळाली ती त्यालाही मिळावी. भाईंनी सगळं सांगितलं. तो रागावला नाही. चित्र मांडीवर घेऊन बराच वेळ बघत राहिला. मग एकच विचारलं, "चाचा, वालिदसाहेबांचं तोंड किब्ल्याकडे होतं ना? किब्ला कुठल्या अंगाला?"

भाईंनी क्षणभरही विचार केला नाही. तंबूंच्या रांगेच्या उजवीकडे बोट ठेवलं. सतरा दिवस त्याच दिशेला तोंड करून त्यांनी नमाज पढली होती, ती त्यांना पक्की आठवत होती. मी तिथे पेन्सिलने एक लहानसा बाण काढून दिला. चित्र तो घेऊन गेला. आमच्याकडे त्याची नक्कल नाही, आणि ठेवावी असं आम्हाला वाटलंही नाही.